टेस्टोस्टेरॉन उपचारातील इस्ट्रोजेन-संतुलन

टेस्टोस्टेरॉन उपचारातील इस्ट्रोजेन-संतुलन : ज्या पुरुषाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन पुरेसे स्रवत नाही, त्याला ते बाहेरून देताना त्यापासून शरीरात बनणाऱ्या इस्ट्रॅडिओलची पातळी योग्य मर्यादेत राखणे. इस्ट्रॅडिओल हे प्रमुख इस्ट्रोजेन होय. ‘स्त्रीसंप्रेरक’ हे त्याचे रूढ नाव दिशाभूल करणारे आहे. पुरुषाची हाडे, शरीरातील चरबी आणि कामजीवन यांनाही त्याची गरज असते.

निर्मिती : ॲरोमॅटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनच्या अल्प अंशाचे इस्ट्रॅडिओलमध्ये रूपांतर करते. पुरुषातील सुमारे ८० टक्के इस्ट्रॅडिओल असे वृषणांबाहेर, मुख्यतः चरबीत तयार होते. म्हणून स्थूल पुरुषात ते अधिक आढळते. प्रौढ पुरुषात त्याची पातळी साधारणपणे दर मिलिलिटर रक्तात १० ते ४० पिकोग्रॅम असते. मोठ्या मात्रेच्या इंजेक्शनानंतर टेस्टोस्टेरॉन उसळते आणि इस्ट्रॅडिओलही त्याच्या मागोमाग चढते. रोज त्वचेला लावायच्या जेलमध्ये हे चढउतार कमी असतात.

कार्य : बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात मोलाचा आहे. २० ते ५० वर्षांच्या निरोगी पुरुषांचा स्वतःचा संप्रेरकस्राव औषधाने थांबवून त्यांना १६ आठवडे टेस्टोस्टेरॉन जेलच्या वेगवेगळ्या मात्रा दिल्या गेल्या. एका गटाला जोडीने ॲनास्ट्रोझोल हे औषध देऊन इस्ट्रोजेनची निर्मितीही रोखली. स्नायूंचे आकारमान व ताकद घटण्यामागे टेस्टोस्टेरॉनची उणीव दिसली, तर चरबी वाढण्यामागे मुख्यतः इस्ट्रोजेनची. कामेच्छा व शिश्नाची ताठरता मात्र दोन्हींच्या उणिवेमुळे घटली. त्याआधी १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. त्याचे टेस्टोस्टेरॉन प्राकृत होते, पण जनुकदोषामुळे त्याच्या पेशी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देत नव्हत्या. त्याची उंची त्या वयातही वाढत होती आणि हाडे विरळ झाली होती.

लक्षणे : इस्ट्रॅडिओल वाढल्यास स्तन हुळहुळे होतात, स्तनग्रंथी वाढू शकते. ते फार घटल्यास कामेच्छा मंदावते, सांधे दुखतात व कालांतराने हाडे ठिसूळ होतात. केवळ कामेच्छा कमी झाली, एवढ्यावरून इस्ट्रोजेन वाढले असे ठरवता येत नाही. ते घटलेलेही असू शकते. पुरुषातील इतकी अल्प पातळी मोजण्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर आधारित चाचणी अधिक विश्वसनीय असते.

व्यवस्थापन : अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार, स्तनांची तक्रार असलेल्या पुरुषाचे इस्ट्रॅडिओल उपचारापूर्वी मोजावे. उपचार चालू असताना ते वाढून त्रास होऊ लागल्यास प्रथम टेस्टोस्टेरॉनची मात्रा तपासतात. ती कमी करणे, मोठ्या इंजेक्शनाऐवजी लहान मात्रा कमी अंतराने देणे किंवा जेलकडे वळणे हे सोपे मार्ग आहेत. वजन घटवण्याचाही उपयोग होतो. ॲनास्ट्रोझोल हे मूलतः रजोनिवृत्त स्त्रियांच्या स्तनकर्करोगावरील औषध आहे. ते सरसकट जोडीला देणे योग्य नाही. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या वयस्क पुरुषांना ते वर्षभर दिले असता टेस्टोस्टेरॉन वाढले, पण कण्याच्या हाडांची घनता घटली.

इतर दक्षता : टेस्टोस्टेरॉनची उणीव दोन वेगळ्या दिवशी सकाळी रक्त तपासून निश्चित करतात. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणूंची निर्मिती मंदावते वा थांबते. त्यामुळे नजीकच्या काळात अपत्य हवे असलेल्याने हा उपचार घेऊ नये. रक्तातील तांबड्या पेशींचे घनफळ ५४ टक्क्यांवर गेल्यास उपचार थांबवतात. पुरःस्थ ग्रंथीवरही लक्ष ठेवावे लागते. संप्रेरके जागेवर असूनही ताठरतेची तक्रार उरली, तर मधुमेह, रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे विकार, चालू असलेली औषधे, अपुरी झोप व मनावरील ताण यांचा शोध घ्यावा. संकोचामुळे अनेक पुरुष ही तक्रार डॉक्टरांपुढे मांडत नाहीत आणि ऐकीव सल्ल्याने इस्ट्रोजेन दाबणाऱ्या गोळ्या घेतात. त्यातून जी कामेच्छा परत मिळवायची, तीच आणखी ओसरू शकते.