कुंडींतलें रोप आणि जहाजावरचा उंदीर



गेल्या पावसाळ्यांत आमच्या सुनेनें घरांतील खिडकीशीं ठेवलेल्या कुंडींत ग्लॅडिओलसचे चार कंद लावले होते. आठव्या दिवशीं कोंब दिसूं लागले. नवव्या दिवशीं सकाळीं पाहतों तों माती खिडकीभर उकरलेली, कोंब कुरतडलेले आणि कंद नाहींसे! शेजारच्या कुंडींतील मनी प्लँटच्या पानाला धक्काही लागलेला नव्हता. पाहुणा चोखंदळ होता म्हणावयाचा. घरांत व्हावयाची ती हळहळ झाली. मला मात्र, सारा जन्म मुलांना इतिहास शिकविण्यांत गेल्यामुळें असेल, त्या उकरलेल्या मातीकडे पाहून अडीचशें वर्षांपूर्वीचीं कांहीं जहाजें आठवलीं. एका देशाचें झाड दुसऱ्या देशांत कसें गेलें, ह्याचा जो इतिहास आपण वाचतों तो राजांच्या आज्ञा, कंपन्यांचे ठराव आणि शास्त्रज्ञांचीं नांवें ह्यांनीं भरलेला असतो. त्यांत उंदरालाही एक जागा आहे, आणि ती मला तरी बरीच वरची वाटते.

उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. ते झिजविण्याकरितां त्याला कांहीं ना कांहीं कुरतडावेंच लागतें. कुंडींतली भुसभुशीत माती त्याला आयती उकरावयास मिळते, आणि तिच्या खालीं कंद किंवा रुजत घातलेलें बीं असलें म्हणजे मग विचारावयासच नको. घरांत हें नुकसान चार-दोनशें रुपयांचें. जहाजावर गोष्ट निराळी असे. तेथें धान्याच्या कोठारावर पोसलेल्या उंदरांना अन्नाची ददात नसे. ददात असे ती गोड्या पाण्याची. पाणी पिंपांत बंद, भोंवतीं अथांग खारा समुद्र, आणि सबंध जहाजावर ओलें व हिरवें असें जें कांहीं असेल तें माळ्यानें जपलेल्या कुंड्यांत! रात्र पडली कीं उंदीर तिकडे वळत, ह्यांत नवल तें काय?

स्वीडन देशांतील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस ह्याला ह्याचा कडू अनुभव आला. चहापायीं आपल्या देशांतील रुपें चीनकडे वाहून जातें, ह्याचें त्याला मोठें दुःख होतें. चहाचें झाडच स्वीडनमध्यें आणून वाढवावें, म्हणजे हा ओघ थांबेल, अशी त्याची खटपट वर्षानुवर्षें चालली होती. त्याचा शिष्य ऑस्बेक ह्यानें इ. स. १७५२ मध्यें चीनहून एक रोप घेतलें, पण तें वाटेंत समुद्रांत पडलें. लागरस्ट्रॉम नांवाच्या दुसऱ्या एका गृहस्थानें दोन झाडें उप्सालापर्यंत सुखरूप पोंचविलीं. तीं वाढलीं, फुललीं, आणि फुलें आल्यावर कळलें कीं हा चहा नव्हे, कॅमेलिया आहे! पुढें एकदां खरें चहाचें रोप सबंध प्रवास पार करून गोथेनबर्गच्या बंदरांत आलें. किनारा दिसतांच जो तो उतरण्याच्या घाईंत. रोप त्या रात्रीपुरतें कप्तानाच्या खोलींतील मेजावर ठेवलें गेलें. रात्रीं उंदीर आले आणि त्यांनीं त्याची अशी दशा केली कीं तें मेलें. ही हकीगत लिनीअसनेंच लिहून ठेविली आहे. अर्ध्या पृथ्वीची सफर, वादळें, विषुववृत्तावरील ऊन आणि खाऱ्या पाण्याचे फवारे ह्यांतून वांचलेलें रोप धक्क्यावर पोंचल्यानंतर एका रात्रींत गेलें. ह्याहून जिवाला लागणारी हानि मला तरी सुचत नाहीं.

लिनीअस खचला नाहीं. त्यानें कप्तान एकेबर्ग ह्याला युक्ति सांगितली, कीं रोपें आणूं नका. ताजें बीं घ्या आणि चीनचा किनारा सोडतांच तें कुंड्यांत पेरा. तसें केल्यावर बीं वाटेंतच उगवलें आणि १७६३ सालीं कोंवळीं रोपें गोथेनबर्गला उतरलीं. त्यांतील निम्मीं आधीं पुढें धाडलीं तीं वाटेंत नासलीं. उरलेलीं रोपें कप्तानाच्या पत्नीनें गाडींत स्वतःच्या मांडीवर धरून उप्सालापर्यंत नेलीं. शास्त्राच्या इतिहासांत त्या बाईंचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. परंतु नऊ महिन्यांच्या बाळासारखीं तीं रोपें सांभाळणाऱ्या त्या माउलीला, वाटेवरच्या मुक्कामीं उंदरांचें काय काय भय वाटलें असेल तें मी समजूं शकतों. तेथील थंडी त्या झाडांना मानवली नाहीं, आणि स्वीडनचा चहा अखेर चीनहूनच येत राहिला.

जहाजावरून झाडें कशीं न्यावींत ह्याविषयीं मग छापील मार्गदर्शनही निघूं लागलें. लंडनचा व्यापारी व निसर्गशास्त्रज्ञ जॉन एलिस ह्यानें १७७० सालीं ह्या विषयावर एक पुस्तिका काढली. तिच्यांत तारेच्या जाळीच्या पेट्यांचीं चित्रें आहेत. हवा जावी, पण दांत जाऊं नयेत, अशी ती योजना.

आतां मी ज्या जहाजाकडे येणार आहें, त्याचें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं बंडाच्या गोष्टींत ऐकलें असेल. तें ‘बाउंटी’. वेस्ट इंडीज बेटांत इंग्रज मळेवाल्यांच्या उसाच्या शेतांवर आफ्रिकेंतून पकडून आणलेले गुलाम राबत असत. १७८० नंतरच्या वर्षांत वादळें आणि अमेरिकन युद्धामुळें बंद पडलेला व्यापार ह्यांनीं तेथें दुष्काळ पडला व हजारों गुलाम उपाशीं मेले. तेव्हां ताहिती बेटावरील ब्रेडफ्रूटचें झाड तेथें लावावें, म्हणजे गुलामांना फुकटांत अन्न मिळेल, असा विचार निघाला. आपल्या कोंकण-गोव्याकडे ज्याला निरफणस म्हणतात व ज्याचीं कापें आपण रवा लावून तळतों, तेंच हें फळ. ताहितीच्या ह्या जातीला बीं धरत नाहीं. मुळांना फुटलेले धुमारे जिवंत न्यावे लागतात. म्हणजे एकेबर्गची युक्ति येथें चालण्यासारखी नव्हती. कुंड्या नेल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

ह्या योजनेचा सूत्रधार सर जोसेफ बँक्स. तो स्वतः कॅप्टन कुकबरोबर ताहितीस जाऊन आलेला, लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष, आणि बारीकसारीक तपशिलाचा मोठा षौकी. १७८७ सालीं झाडें नेणाऱ्या जहाजाविषयीं त्यानें ज्या सूचना लिहून दिल्या, त्या वाचण्यासारख्या आहेत. खुराड्यांत ठेवलेल्या कोंबड्यांसारख्या खाण्याच्या जिनसा सोडून जहाजावर कुत्रें, मांजर, माकड, पोपट, बकरें, कसलेंही जनावर असूं नये. मांजरही नको! ज्यांच्या गॅलरींत कुंड्या आहेत आणि शेजारीं मांजर आहे त्यांना ह्याचें कारण सांगावयास नको. मग उंदरांचें काय करावें? तर हिरव्या फांद्यांनीं भरलेली एक होडी जहाजाला लावावी, जहाजाच्या तळापासून त्या होडीपर्यंत हिरव्या फांद्यांचीच वाट करावी आणि खालीं रात्रभर, लागल्यास एकाहून अधिक रात्रीं, ढोल बडवीत राहावें. म्हणजे आवाजानें भ्यालेले उंदीर हिरवळीच्या वाटेनें होडींत उतरतील. शिवाय विषप्रयोग सतत चालावयाचाच. त्यानें कांहीं उंदीर तक्तपोशीमागें मेले व दुर्गंधि सुटली, तर खलाशांनीं तक्रार करूं नये.

ढोलाची ही कल्पना हास्यास्पद वाटेल, पण तिच्यासारखा एक प्रयोग आधीं होऊन गेला होता. १७७७ सालीं मूरेआ बेटापाशीं कुकनें आपलें जहाज काठाला अगदीं लगटून उभें केलें आणि झाडांना दोर बांधून उंदरांना उतरावयास पूल करून दिला. उंदीर फारसे उतरले नाहींत, असें त्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. उतरले असते तर त्या बेटावरील लोकांवर काय प्रसंग आला असता, ह्याचा विचार झालेला दिसत नाहीं.

त्याच सूचनांत आणखी एक वाक्य आहे. झाडें नेणें हाच ह्या सफरीचा एकमेव हेतु असल्यामुळें, जहाजांतील उत्तमोत्तम जागा झाडांना द्यावी लागली तर कप्तानानें अगर खलाशांनीं तो अन्याय समजूं नये, अशा अर्थाचें तें आहे. त्याप्रमाणें कप्तानाची मोठी खोली कुंड्यांची खोली झाली. जमिनीवर शिशाचा पत्रा ठोकला, त्यावर भोंकें पाडलेली दुसरी जमीन घातली, आणि त्या भोंकांत ६२९ कुंड्या बसण्याची सोय केली. कुंड्यांतून झिरपलेलें पाणी खालीं पिंपांत जमून पुन्हां झाडांना मिळे. थंडींत ऊब देण्यास शेगडी होती. माणसें मात्र, सारीं मिळून शेचाळीस, उरलेल्या जागेंत दाटीवाटीनें राहिलीं. ज्येष्ठ माळी डेव्हिड नेल्सन व त्याचा मदतनीस विल्यम ब्राउन हे ह्याच शेचाळिसांत.

‘बाउंटी’ १७८७ च्या डिसेंबरांत निघाली व दहा महिन्यांनीं ताहितीस लागली. तेथें पांच महिने राहून नेल्सननें रोपें तयार केलीं. ४ एप्रिल १७८९ रोजीं नांगर उचलला तेव्हां ७७४ कुंड्या, ३९ टब व २४ खोकीं ह्यांत मिळून १,०१५ रोपें होतीं. चोवीस दिवसांनीं, २८ एप्रिलच्या पहांटे, फ्लेचर ख्रिश्चन ह्याच्या पुढाकारानें बंड झालें. कॅप्टन ब्लाय व त्याच्या पक्षाचे अठरा जण तेवीस फुटी होडींत उतरविले गेले, आणि बंडवाल्यांनीं तीं सारीं रोपें समुद्रांत फेंकून दिलीं.

बंडाचीं कारणें इतिहासकार आजही चघळीत असतात. ब्लायची जीभ फार तिखट होती, ताहितीचें सुख खलाशांच्या मनांतून जात नव्हतें, आदल्याच दिवशीं नारळांच्या चोरीवरून कडाक्याचें भांडण झालें होतें. हें सर्व खरें. झाडांकरितां झालेल्या दाटीमुळेंच बंड झालें, असें मी म्हणत नाहीं. परंतु उंदीर, मांजर, झुरळ, खारा वारा ह्या प्रत्येकाचा बंदोबस्त ज्या कागदांत झाला होता, त्याच कागदांत माणसांच्या तक्रारींचा बंदोबस्त ‘तक्रार करूं नये’ एवढ्यावर उरकला होता, हें वर्गांत शिकवितांना मीं मुलांच्या नजरेस नेहमीं आणून देत असें. नेल्सन कप्तानाबरोबर होडींत उतरला. सत्तेचाळीस दिवसांनीं ती होडी तिमोर बेटावरील कुपांग येथें पोंचली, पण शीण व ताप ह्यांनीं तो २० जुलैस तेथेंच वारला. त्याचा मदतनीस ब्राउन, ज्याच्या हातांनीं तीं रोपें लाविलीं गेलीं होतीं, तो बंडवाल्यांच्या बाजूला राहिला व पुढें पिटकेर्न बेटावर मारला गेला.

बँक्स आणि ब्लाय ह्यांनीं हट्ट सोडला नाहीं. १७९१ सालीं ब्लाय ‘प्रॉव्हिडन्स’ व ‘असिस्टंट’ हीं दोन जहाजें घेऊन पुन्हां निघाला, आणि ह्या वेळीं बरोबर बंदूकधारी शिपाई होते. ताहितीहून दोन हजारांवर रोपें भरलीं. त्यांतील सुमारें पावणेसातशें १७९३ च्या आरंभीं सेंट व्हिन्सेंट व जमेका येथवर जिवंत पोंचलीं. पाण्याचा तुटवडा पडला तेव्हां आधीं झाडें, मग माणसें, असा क्रम होता. पुढें ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा करून प्रसिद्धीस आलेला मॅथ्यू फ्लिंडर्स तेव्हां त्या जहाजावर उमेदवार अधिकारी होता. माळी पाण्याच्या बादल्या घेऊन जात तेव्हां पायऱ्यांवर सांडलेले थेंब आपण व इतर जण पडून चाटून घेत असूं, असें तो सांगे. हा प्रसंग वाचला कीं मला ते उंदीर आठवतात. तहान लागल्यावर दोघांचीही नजर एकाच कुंडीकडे जात होती.

ज्या गुलामांसाठीं हा सारा खटाटोप झाला, त्यांनीं प्रथम तें फळ फारसें आवडीनें खाल्लें नाहीं; त्यांना आपलीं केळींच बरीं वाटत. आज मात्र जमेकांत तें घरोघर शिजतें.

ह्या लढाईचा शेवट एका डॉक्टरनें केला, आणि तोही न ठरवितां. लंडनच्या गोदींजवळ राहणाऱ्या नॅथॅनिएल वॉर्ड ह्यानें १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलींत ओल्या मातींत पतंगाचा कोश ठेविला होता. पतंगाचें काय झालें तें राहूं द्या. त्या मातींतून नेच्याचें एक रोप उगवलें आणि पाणी न घालतां जगलें. पानांतून निघालेली वाफ कांचेवर जमून पुन्हां मातींत उतरत होती. १८३३ सालीं अशा बंद कांचेच्या पेट्यांतून त्यानें रोपें सिडनीस धाडलीं व तीं टवटवीत पोंचलीं. खारा फवारा नाहीं, रोज पाणी घालणें नाहीं, आणि उंदराला तोंड घालावयास जागाही नाहीं. १८५१ सालीं रॉबर्ट फॉर्च्यूननें चीनचा चहा हिमालयाच्या उतारावर आणला तो ह्याच पेट्यांतून. आणि बीं वाटेंतच पेटींतल्या मातींत रुजविण्याची युक्ति त्यानेंही वापरली. लिनीअसची ती युक्ति त्याला ठाऊक होती कीं त्याची त्यालाच सुचली, कोण जाणे.

आमच्या खिडकींतील कुंडीकरितां ढोल बडविणें शेजाऱ्यांच्या दृष्टीनें अशक्य होतें, आणि घरांत लहान नातू असल्यामुळें विषाचें नांव काढावयाचें नव्हतें. मीं एलिसचा मार्ग धरला. बाजारांतून पाव इंचाहून लहान घरांची तारेची जाळी आणली, मातीच्या वर वर्तुळाकार कापून बसविली आणि तिच्या कडा कुंडीच्या आंतून खालीं वळविल्या. मोठ्या घरांची जाळी घेऊन उपयोग नसतो. आपल्या घरांतल्या लहान उंदराला बोटभर फट पुरते. कंद पुन्हां लावले आहेत. काल सकाळीं जाळीवर दोन-तीन लेंड्या पडलेल्या दिसल्या. माती मात्र जशीच्या तशी होती.