मौन म्हणजे संमति नव्हे



'मौनं संमतिलक्षणम्' हें वचन शाळेंत मीं मुलांकडून कित्येक वर्षें पाठ करून घेतलें. घरगुती व्यवहारांत तें चालत असेल. परंतु फौजदारी न्यायांत हीच समजूत शिरली म्हणजे केवढा अनर्थ होतो, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

हिंदी दंडसंहिता १८६० सालीं झाली. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत असल्यामुळें ती येथें लागू झाली १९५१ सालीं. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध अथवा संमतीवांचून झालेला संभोग म्हणजे बलात्कार, असें तिचें ३७५ वें कलम सांगे. मात्र संमति कशावरून ओळखावी, हें त्यांत सांगितलेलें नव्हतें. ही उणीव विदर्भांतील एका खटल्यानें उघडी पाडली.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज हें गांव तेव्हां चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. आतां तें गडचिरोलींत आहे. तेथील पोलीस ठाण्यांत मोलमजुरी करणारी एक पोरकी आदिवासी मुलगी जबाबासाठीं आली होती. वय चौदा ते सोळा वर्षांचें. बरोबरच्या माणसांना बाहेर जाण्यास सांगून तिला आंत ठेवून घेण्यांत आलें. ठाण्यांतील दोघां पोलिसांनीं अत्याचार केल्याचें तिनें बाहेर आल्यावर सांगितलें.

मुलीची संमति होती असें मानून सत्र न्यायालयानें १९७४ सालीं आरोपींना सोडलें. १९७६ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें तो निकाल फिरविला. भयानें निमूटपणें सोसणें निराळें आणि संमति देणें निराळें, हा त्या निकालाचा गाभा होता. परंतु १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आरोपींना पुनः निर्दोष ठरविलें. अंगावर जखमा नाहींत, म्हणून प्रतिकाराची हकीकत खोटी, असा तर्क लढविला गेला. बंद दार, मालविलेले दिवे आणि पोलिसी अंमल यांपुढें एका मजूर मुलीची काय अवस्था होईल, हें त्या तर्कांत आलेंच नाहीं.

१६ सप्टेंबर १९७९ रोजीं उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें. पुढल्याच वर्षीं ठिकठिकाणीं स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाहीं. कायदा मात्र १९८३ सालीं बदलला. ताब्यांतील स्त्रीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यांत संभोग सिद्ध झाला आणि 'माझी संमति नव्हती' असें तिनें न्यायालयांत सांगितलें, तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असें ठरलें. पीडितेचें नांव छापण्यासहि बंदी आली. मीं नांव घेतलें नाहीं तें याचसाठीं.

२०१३ सालीं व्याख्याहि आली. संमति म्हणजे शब्दांनीं, खुणेनें वा अन्य प्रकारें व्यक्त केलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची मान्यता. केवळ अंगबळानें प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून संमति मानतां येत नाहीं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमांत हेंच तत्त्व आहे. अठरा वर्षांखालील मुलीची संमति तर कायदा मानीतच नाहीं, आणि २०१७ च्या निकालापासून अशा वयाच्या पत्नीलाहि तें संरक्षण आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलींचीं लग्नें लवकर उरकणाऱ्या आपल्या जिल्ह्यानें हें विशेष लक्षांत ठेवावें.

देसाईगंजच्या त्या मुलीला न्याय मिळाला नाहीं. तिच्यामागून येणाऱ्या मुलींना कायदा मिळाला. आपल्या घरांत एखादी मुलगी खालीं मान घालून गप्प बसली, तर तो होकार समजूं नये. तिला विचारावें, आणि तिचें उत्तर ऐकावें.