आभासी डिस्क (संगणकशास्त्र)

एका प्रत्यक्ष संगणकावर चालणाऱ्या अनेक आभासी यंत्रांपैकी (व्हर्च्युअल मशीन्सपैकी) प्रत्येकास स्वतंत्र व अखंड भासणारी, परंतु वस्तुतः यजमान संगणकाच्या सामाईक साठ्यातून तोडून दिलेली साठवणीची जागा. यंत्राच्या गतीइतकीच त्यातील माहितीची सुरक्षितताही या वाटणीवर अवलंबून असते.

इतिहास : आयबीएमच्या व्हीएम/३७० (१९७२) या प्रणालीत प्रत्यक्ष डिस्कवरील लागोपाठच्या सिलिंडरांचा पट्टा ‘मिनीडिस्क’ म्हणून वापरकर्त्याच्या नावे लावून दिला जाई; पट्ट्याचा आरंभ, सिलिंडरांची संख्या व मूळ डिस्कचे नाव ‘डिरेक्टरी’ नामक दप्तरात नोंदलेले असे, आणि एकाची हद्द दुसऱ्याच्या हद्दीत शिरू न देण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर राही.

वाटणीच्या पद्धती : पूर्ण तरतुदीत मंजूर जागा आरंभीच राखून ठेवतात; ‘थिन’ पद्धतीत मात्र ती प्रत्यक्ष लेखनाबरोबर व्यापली जाते. त्यामुळे मंजुऱ्यांची बेरीज उपलब्ध साठ्याहून अधिक ठेवता येते. परंतु साठा संपताच त्यावर विसंबलेली यंत्रे, आपापल्या हिशेबी जागा शिल्लक असूनही, नवे लेखन करू शकत नाहीत. पाहुण्या (म्हणजे आभासी) यंत्राने फाइल पुसली तरी, ‘डिस्कार्ड’ची सूचना खालपर्यंत पोहोचविण्याची तजवीज केलेली नसल्यास, ती जागा यजमानास परत मिळत नाही.

क्यूकाउ२ : क्यूईएमयू या मुक्त प्रणालीचे फाइल-स्वरूप. यात डिस्कचे, अन्य निर्देश नसल्यास, ६४ किबिबाइटांचे ‘क्लस्टर’ पाडतात व त्यांचे ठिकाण दोन पातळ्यांच्या सारण्यांत नोंदवितात. खालच्या पातळीची सारणी एक क्लस्टर व्यापते; प्रत्येक नोंद ८ बाइटांची असल्याने तीत ८,१९२ नोंदी मावतात आणि एका सारणीने ५१२ मेबिबाइट जागेचा ठावठिकाणा लागतो. एका मूळ फाइलवर अनेक यंत्रांच्या डिस्का रचून प्रत्येकीत केवळ स्वतःचे फेरफार साठविता येतात. मात्र अशी रचना झाल्यावर मूळ फाइलमध्ये लेखन केल्यास तिच्यावर विसंबलेल्या सर्व डिस्का दूषित होतात. अंतर्गत स्नॅपशॉट त्याच फाइलमध्ये राहत असल्याने तो बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. कोणतीही रचना नसलेल्या ‘रॉ’ स्वरूपाच्या तुलनेत याची गती किती उणी पडते, हे कामाच्या स्वरूपावर व मांडणीवर अवलंबून आहे.

कॅश : क्यूईएमयूच्या कॅश-पर्यायांपैकी ‘नन’ या पर्यायात यजमानाची पृष्ठ-कॅश टाळली जाते. ‘अनसेफ’ या पर्यायात लेखन कायम करण्याची पाहुण्या यंत्राची मागणीच दुर्लक्षिली जाते. म्हणून जतन करावयाच्या माहितीसाठी तो सर्वथा त्याज्य होय.

अन्य स्वरूपे : व्हीएमवेअरचे व्हीएमडीके, व्हर्च्युअलबॉक्सचे व्हीडीआय व मायक्रोसॉफ्टचे व्हीएचडीएक्स (कमाल ६४ टेराबाइट).