कीबोर्ड घेताना कळीचा प्रश्न

मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो : निळा स्विच, लाल की तपकिरी? वडूजमध्ये बसून दिवसा मराठी टाइप करणाऱ्या आणि रात्री गेम खेळणाऱ्या मला त्याआधी वेगळाच प्रश्न पडतो. या कळांवर मराठी कुठे आहे?

टाइपरायटरच्या काळात अक्षर धातूतच ओतलेलं असे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. पण यंत्राचा मूळ साचा रोमन लिपीचा. मोजक्या कळांत देवनागरी बसवताना ‘भ’सारखी अक्षरं अर्धं अक्षर आणि काना असे दोन ठोके मारून उमटवावी लागत.

तरीही आमच्या खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात ही कळ पोटापाण्याशी जोडलेली होती. पावसाचा भरवसा नाही, म्हणून नोकरी हवी. आणि लिपिक व्हायचं तर मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र हवं. ही अट कॉम्प्युटर आल्यावरही राहिली.

कॉम्प्युटरवर अक्षर धातूतून सुटलं. १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी ठरली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘काका’ टाइप करून पाहा : उजवा, डावा, उजवा, डावा. अर्ध्या अक्षराची कसरत संपली. विंडोजमध्ये ही मांडणी फुकट मिळते, कळांवर मराठी छापलेली नसली तरी चालते.

म्हणजे भाषा सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि कीबोर्डकडे उरला फक्त बोटांचा स्पर्श. आता स्विच निवडणं सोपं होतं. निळा स्विच टक् असा आवाज करतो, कळ लागल्याचं बोटाला कळतं. टायपिंगला छान, पण घरचे झोपलेले असताना नको. लाल स्विच हलका, सरळ खाली जाणारा. गेममध्ये एकच कळ भराभर दाबायला बरा, मात्र टाइप करताना चुकून दाबली जाते. तपकिरी मधला : बारीकसा अडथळा जाणवतो, आवाज कमी. मी तपकिरी घेतला.

तुम्ही कोणताही घ्या. पण सोबत आठवडाभर रोज अर्धा तास इन्स्क्रिप्टला द्या. आधीच्या पिढीला मराठी टाइप करायला क्लासची फी भरावी लागायची. आपल्याला फक्त दहा बोटं वापरायची आहेत.