दारूबंदीच्या जिल्ह्यातील एक आई

वर्धा जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींच्या वास्तव्याने पावन झालेल्या भूमीत मद्यविक्री नसावी, ही त्यामागील भावना. परंतु कायदा दुकानाला टाळे लावू शकतो. व्यसनी माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घरच्यांची व्यथा त्याच्या कक्षेत येत नाही. याचा दाखला शोधण्यासाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. सेवाग्राम आश्रमात बापूकुटीप्रमाणेच बा कुटीही आहे. तेथे राहिलेल्या कस्तुरबा एका व्यसनाधीन पुत्राच्या माता होत्या.

थोरले चिरंजीव हरिलाल यांचा जन्म १८८८ चा. शिक्षणाच्या प्रश्नावरून पित्याशी दुरावा आला आणि १९११ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतील घर सोडून भारतात परतले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांची पत्नी दगावली. त्यानंतर त्यांचे आयुष्य अधिकच भरकटले. पोरक्या नातवंडांना आजीने पदराखाली घेतले.

या कुटुंबाने झाकपाक केली नाही. १९२५ मध्ये हरिलाल यांच्या व्यवसायात पैसे गुंतवणाऱ्या एका गृहस्थाची तक्रार आली, तेव्हा मुलाच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही, असे गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून जाहीर केले. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजेच पुढील सेवाग्रामी, राहावयास आले. त्याच वर्षी मद्रासमध्ये नशेत सापडल्याबद्दल हरिलाल यांना दंड झाला. कस्तुरबांनी मुलाला उघड पत्र लिहिले. रोज सकाळी वर्तमानपत्रात त्याच्याविषयी काय वाचावे लागेल, या धास्तीने आपण उठतो, असा त्याचा आशय होता. व्यसनी माणसाच्या घरात राहिलेल्या कोणालाही ही सकाळ ओळखीची वाटेल.

१९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत, कस्तुरबा मृत्युशय्येवर होत्या. हरिलाल भेटीस आले, तेही मद्याच्या अमलाखाली. मातेने कपाळ बडवून घेतले. २२ फेब्रुवारीला त्या गेल्या. गांधीजींच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आतच, १८ जून १९४८ रोजी, हरिलाल मुंबईत निवर्तले.

मग या कुटुंबाचे काय चुकले? आम्हांस वाटते, हा प्रश्नच तपासून पाहावयास हवा. मद्यासक्ती हा आजार आहे, हे त्या काळी फार थोड्यांना उमगले होते. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची स्थापना अमेरिकेत १९३५ सालची, कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ उभी राहिली ती १९५१ मध्ये. तिची शिकवण साधी आहे: हे व्यसन आम्ही जडवले नाही, ते आम्ही आवरू शकत नाही, बरेही करू शकत नाही, मात्र आम्ही स्वतःला सावरू शकतो. कस्तुरबांना असा आधार देणारे मंडळ तेव्हा नव्हते.

ज्या येरवडा परिसरात त्यांनी देह ठेवला, तेथेच १९८६ मध्ये डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचाराचा भाग मानले गेले.

आजही आमच्या घरांत असा कुणी असला, की आम्ही दार लावून घेतो, त्याचे कर्ज फेडतो, कामावर खोटा निरोप धाडतो. राष्ट्रपित्याच्या घरालाही जे चुकले नाही, त्याची लाज आम्ही का बाळगावी? ते दुःख चारचौघांत बोलून दाखवण्याचे धैर्य एका आईने १९३६ मध्येच दाखवले होते. ऐकणारे कान मात्र आता उपलब्ध आहेत.