केवडा आणि परभणी क्रांती

केवडा या सुगंधी फुलाचे नाव भेंडीच्या रोगास मिळाले ते पानांच्या पिवळ्या शिरांमुळे. या रोगाचा विषाणू पांढरी माशी पसरविते. दिल्लीत सिद्ध झालेली 'पुसा सावनी' ही जात आरंभी प्रतिकारक्षम होती. पुढे तीही बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे व नेरकर यांनी तिचा 'मॅनिहॉट' या भेंडीच्या रानटी भाईबंदाशी संकर केला, संततीचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करीत 'परभणी क्रांती' सिद्ध केली व १९८६ साली ती शोधपत्रिकेत मांडली. वाण सरळ असल्याने शेतकऱ्यास घरचे बी धरता आले. तथापि कालांतराने क्रांतीवरही केवडा आढळू लागला. प्रतिकारशक्ती हा बियाण्याचा चिरंतन गुण नव्हे. म्हणूनच रानटी जातींचे जतन हेच खरे भांडवल होय.