रसायने ओळखणारे प्रकाशमान नॅनोकण

फ्लुओरोसंट पॉलिमर नॅनोकण हे अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश देणारे अतिसूक्ष्म कण होत. सेंद्रिय द्रावकातील पॉलिमरचे द्रावण पाण्यात वेगाने मिसळताच त्याच्या जलविरोधी साखळ्या आपोआप गुंडाळल्या जाऊन हे कण बनतात. शोषलेली ऊर्जा साखळीभर फिरत असल्याने विशिष्ट रसायनाचा एक रेणू चिकटला, तरी मोठ्या भागाची चमक मंदावते. हीच धोक्याची खूण. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत टिमोथी स्वॅगर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा पॉलिमरच्या पातळ थराने टीएनटी या स्फोटकाची वाफ ओळखून दाखविली. पुढे हे तत्त्व स्फोटकशोधक उपकरणांत आले. नॅनोकणांमुळे ते पाण्यातील पाऱ्यासारख्या विषारी धातूंनाही लागू करता येते. मात्र अन्य पदार्थांनीही चमक मंदावू शकते; म्हणून नेमक्या पदार्थालाच प्रतिसाद देणारी रचना साधणे, ही या संवेदकांची खरी कसोटी आहे.